जमिनीच्या नियमांत लपलेली भिंत : प्रा. चार्ल्स हार आणि घराच्या हक्काची लढाई

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १ जुलै २०२५ पासून घरांच्या हिशेबाचे नवे दशक सुरू झाले आहे. २०२४ च्या मार्चमध्ये झालेल्या कायद्यानुसार, पुढील दहा वर्षांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी किती घरांची सोय करणार, याचा आकडा राज्यातील बहुतेक नगरपालिकांना द्यावा लागला आहे. संपूर्ण राज्याची भविष्यातील गरज ८० हजारांहून अधिक घरांची ठरवण्यात आली. श्रीमंत उपनगरांपैकी काहींना हे मान्य नव्हते. ती न्यायालयात गेली. "आमच्या गावात कोणी राहायचे हे आम्ही ठरवू," हाच त्यांच्या विरोधाचा सूर आहे.

हा सूर आपल्या ओळखीचा आहे. पुण्या-मुंबईत भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या कोणत्याही मुलाला विचारा. आडनाव सांगितल्यावर "घर आताच गेले" असे उत्तर त्याने एकदा तरी ऐकलेले असते. म्हणून न्यू जर्सीतील हा वाद आपण नीट समजून घेतला पाहिजे. तो समजून घेण्यासाठी एका कायद्याच्या प्राध्यापकाचे साठ वर्षांचे काम पाहणे उपयोगाचे आहे. त्यांचे नाव चार्ल्स हार.

कोण होते चार्ल्स हार?

चार्ल्स हार यांचा जन्म १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे झाला. लहानपणीच ते अमेरिकेत आले. दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम केल्यानंतर त्यांनी हार्वर्ड येथून कायद्याची पदवी घेतली आणि १९५२ पासून तेथेच अध्यापन सुरू केले. जमिनीच्या वापराचा कायदा हा विषय त्या काळी वकिलांना दुय्यम वाटे. खून, करार, कंपन्या यांचे खटले म्हणजे खरी वकिली. गावाचा नकाशा, प्लॉटचा आकार आणि गटारे हे इंजिनिअरचे काम, अशी समजूत होती. हार यांनी हाच दुर्लक्षित विषय निवडला. १९५९ साली त्यांनी जमीन वापराच्या नियोजनावर कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी मोठे पाठ्यपुस्तक तयार केले. पुढे सरकारात बसून कायदे घडवले, न्यायालयाच्या वतीने काम केले आणि शेवटपर्यंत लिहीत राहिले. २०१२ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : भेदभाव करणारा कायदा रद्द झाला तरी भेदभाव संपत नाही, तो जमिनीच्या तांत्रिक नियमांत जाऊन बसतो; आणि तिथून त्याला बाहेर काढायचे असेल तर ते नियम वाचता आले पाहिजेत.

उघड भिंत पडली, लपलेली भिंत उभी राहिली

यासाठी थोडे मागे जावे लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील अनेक शहरांनी सरळ कायदे केले होते की अमुक रस्त्यावर गोऱ्यांनीच राहायचे आणि तमुक रस्त्यावर कृष्णवर्णीयांनी. केंटकी राज्यातील लुइव्हिल शहराचा असा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली बुकॅनन विरुद्ध वॉर्ली या खटल्यात रद्द केला.

१९१७ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले होते. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते कसेबसे राहिले. तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अमेरिकेत जी भिंत कायद्याने उभी केली होती, ती भारतात कोणत्याही लेखी कायद्याशिवाय उभी होती.

१९१७ च्या निकालानंतर अमेरिकेतील भिंत पडली नाही. तिने रूप बदलले. खासगी खरेदीखतांत "हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये" अशा अटी येऊ लागल्या. न्यायालयांनी अशा अटी अमलात आणणे १९४८ पर्यंत चालू राहिले. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लाल रंग देऊन कर्जासाठी धोकादायक ठरवले. या सर्वांसोबत तिसरे, सर्वांत टिकाऊ हत्यार आले, ते म्हणजे झोनिंग.

झोनिंग म्हणजे गावाच्या जमिनीचे विभाग पाडून कुठे काय बांधता येईल हे ठरवणे. कारखाना घरांपासून दूर असावा, हा त्यातला चांगला हेतू. १९२६ साली ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांचा हा अधिकार मान्य केला. पण त्याच निकालात भाड्याच्या खोल्यांच्या इमारती म्हणजे स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीवरची बांडगुळे, असाही सूर होता. उपनगरांनी इशारा ओळखला. इमारती बांधायला बंदी, प्रत्येक घराला मोठा प्लॉट सक्तीचा, घराचे किमान क्षेत्रफळ इतके की गरिबाला परवडूच नये. या नियमांत वंशाचा एकही शब्द नव्हता. परिणाम मात्र तोच होता.

७६८ चौरस फुटांचा प्रश्न

हार यांच्या कारकिर्दीची सुरुवातच या लपलेल्या भिंतीवर बोट ठेवून झाली. न्यू जर्सीतील वेन गावाने नियम केला होता की एकमजली घर किमान ७६८ चौरस फुटांचे असलेच पाहिजे. एका विकासकाने त्याला आव्हान दिले. १९५२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. लोकांच्या आरोग्यासाठी पुरेशी जागा हवी, हे कारण न्यायालयाला पटले.

हार यांनी १९५३ साली हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात या निकालाची चिकित्सा केली. त्यांचा प्रश्न साधा होता. आरोग्य हेच कारण असेल, तर नियम घरात किती माणसे राहतात यावर अवलंबून असायला हवा. दोन माणसांना आणि आठ माणसांना एकच किमान क्षेत्रफळ कसे? माणसे मोजली जात नसतील, तर हा नियम आरोग्याचा नाही. तो घराची किंमत वर ठेवण्याचा आणि पर्यायाने कमी कमाईच्या माणसाला गावाबाहेर ठेवण्याचा नियम आहे.

या पद्धतीकडे आपल्या तरुण वकिलांनी लक्ष द्यावे. त्यांनी नियम करणाऱ्यांच्या मनात काय होते, याचा शोध घेतला नाही. नियमाचे सांगितलेले कारण आणि नियमाची रचना एकमेकांना जुळतात का, एवढेच तपासले. जुळत नसतील तर खरा हेतू आपोआप उघडा पडतो. १९५५ साली त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. कायद्यात लिहिले आहे की झोनिंग सर्वंकष आराखड्याला धरून असावे, पण न्यायालये तो आराखडा पाहतच नाहीत. आराखडा नसेल तर झोनिंग म्हणजे ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्या सोयीची यादी.

मुंबईत हा क्षेत्रफळाचा हिशेब उलट्या बाजूने चालतो. झोपडपट्टी पुनर्वसनात गरिबाला किती मिळावे याचा आकडा आधी २२५, मग २६९ आणि पुढे ३०० चौरस फूट असा हळूहळू सरकला. तिथेही घरातली माणसे मोजली जात नाहीत. पाच जणांच्या कुटुंबाला तेवढेच आणि दहा जणांच्या कुटुंबालाही तेवढेच. हार यांचा प्रश्न इथेही तसाच्या तसा विचारता येतो.

सरकारात गेलेला प्राध्यापक

१९६० च्या दशकात अमेरिकेतील शहरे पेटली होती. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात उद्रेक झाला. १९६६ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत गेले आणि त्यांनी सर्वांसाठी खुल्या घरांची मागणी घेऊन मोर्चे काढले. याच काळात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गृहनिर्माण व नागरी विकासाचे नवे खाते स्थापन केले. त्याचे पहिले प्रमुख रॉबर्ट वीव्हर हे अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिले कृष्णवर्णीय सदस्य. हार १९६६ ते १९६९ या काळात त्याच खात्यात महानगर विकासाचे सहायक सचिव होते.

त्याआधी १९६५ च्या एका कृतिदलात ते सदस्य होते. कामगार नेते वॉल्टर रॉयथर आणि नागरी हक्क चळवळीतील व्हिटनी यंग हेही त्यात होते. या गटाने मॉडेल सिटीज योजनेची कल्पना मांडली. त्यापूर्वीची शहर नूतनीकरणाची पद्धत अशी होती की गरीब वस्ती पाडायची, तिथे रस्ते आणि व्यापारी इमारती उभ्या करायच्या आणि विस्थापितांना वाऱ्यावर सोडायचे. पाडल्या गेलेल्या वस्त्या बहुतेक वेळा कृष्णवर्णीयांच्या असत. नव्या योजनेचा विचार वेगळा होता. ६६ शहरे निवडायची, त्यांतील सर्वांत पडीक वस्तीत घर, शाळा, दवाखाना आणि रोजगार यांचा पैसा एकत्र ओतायचा आणि वस्तीतल्या लोकांना निर्णयात व्यापक सहभाग द्यायचा.

१९६६ साली कायदा झाला. पण संसदेत प्रत्येक खासदाराला आपल्या मतदारसंघातले शहर हवे होते. ६६ चा आकडा वाढत वाढत दीडशेच्या घरात गेला. पैसा मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. एका वस्तीचे चित्र पालटेल इतका निधी कुठेच पोहोचला नाही. इतर खात्यांनी आपले अधिकार सोडले नाहीत. १९७४ साली योजना गुंडाळली गेली. हार यांनी १९७५ साली या योजनेवर पुस्तक लिहिले आणि कल्पना व वास्तव यांच्यातील अंतर स्वतःच दाखवले. आपल्याच हातून झालेल्या कामाचे अपयश असे मांडणारे सरकारी अधिकारी थोडे असतात.

या योजनेतून एक मोलाची गोष्ट मात्र मागे राहिली. त्याच खात्यात लोकसहभागाच्या सल्लागार असलेल्या शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांना फक्त गोंजारले जाते. मधल्या पायऱ्यांवर माहिती दिली जाते, मत विचारले जाते, पण निर्णय आधीच झालेला असतो. वरच्या पायऱ्यांवरच लोकांच्या हाती खरी सत्ता येते. आपल्याकडे पुनर्विकासाच्या सभेत विकासकाचा माणूस माईकवरून सगळे समजावतो, आपण टाळ्या वाजवतो आणि सही करून घरी येतो. ही शिडीची कितवी पायरी, हे प्रत्येक वस्तीने स्वतःला विचारावे.

रुळांच्या पलीकडची वस्ती

सरकारातून बाहेर पडल्यावर हार यांनी न्यायालयांकडे लक्ष वळवले. मिसिसिपी राज्यातील शॉ हे सुमारे अडीच हजार लोकांचे गाव. कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्या वस्त्या वेगळ्या. अँड्र्यू हॉकिन्स आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी गावावर दावा लावला. न्यायालयापुढे आलेले आकडे बोलके होते. कच्च्या रस्त्यावर असलेल्या घरांपैकी जवळपास ९८ टक्के घरे कृष्णवर्णीयांची होती. सांडपाण्याची गटारे न पोहोचलेल्या घरांपैकी ९७ टक्के घरे त्यांच्याच वस्तीतली. १९७१ साली केंद्रीय अपील न्यायालयाने म्हटले की एवढे आकडे समोर असताना हेतूचा वेगळा पुरावा मागण्याची गरज नाही. गावाने सुविधा समान केल्या पाहिजेत.

पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाट अरुंद केली. १९७७ च्या आर्लिंग्टन हाइट्स खटल्यात असे ठरले की परिणाम विषम आहे एवढे पुरेसे नाही, भेदभावाचा हेतूही सिद्ध करावा लागेल. मनातला हेतू कागदावर कोण लिहून ठेवतो? तेव्हा हार यांनी दुसरा मार्ग शोधला. १९८६ साली डॅनियल फेसलर यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी दाखवले की संविधानाच्या कलमाखेरीज जुन्या सामान्य कायद्यातही एक तत्त्व आहे : जो सार्वजनिक सेवा देतो, त्याने ती सर्वांना सारखी दिलीच पाहिजे. पाणी, गटार, रस्ता देणारी नगरपालिका अशीच सेवा देते. एक दार बंद झाले तर कायद्यातले दुसरे दार शोधायचे, हा त्यांचा धडा.

आपल्या दलित वस्तीचा रस्ता कुठे संपतो, नळाला पाणी किती वेळ येते, कचऱ्याची गाडी कोणत्या वळणावरून परत जाते, याची मोजणी करून ठेवणारे मंडळ तुमच्या गावात आहे का? शॉ गावचा खटला भाषणांवर जिंकला गेला नाही. तो मोजलेल्या घरांवर जिंकला गेला.

माउंट लॉरेलची शिक्षिका

आता पुन्हा न्यू जर्सीकडे येऊ. माउंट लॉरेल हे फिलाडेल्फिया आणि कॅम्डेन यांच्या जवळचे गाव. तिथे कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. महायुद्धानंतर उपनगरे वाढू लागली आणि त्यांची जुनी, मोडकळीस आलेली घरे गावाला नकोशी झाली. एथेल लॉरेन्स या बालवाडीत शिकवणाऱ्या बाईंनी शेजाऱ्यांना एकत्र केले आणि परवडतील अशा ३६ घरांची परवानगी मागितली. झोनिंगच्या नियमात इमारती बसत नाहीत म्हणून गावाने ती नाकारली. १९७० साली कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये झालेल्या सभेत महापौरांनी येऊन सांगितले की ज्यांना इथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे.

एथेल लॉरेन्स यांनी गाव सोडले नाही. मोफत कायदा साहाय्य देणाऱ्या तरुण वकिलांच्या मदतीने त्या आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. १९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक विकसनशील गावाने आपल्या परिसरातील कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. १९५२ साली वेन गावाचा ७६८ चौरस फुटांचा नियम मान्य करणारे न्यायालय हेच. २२ वर्षांपूर्वी एका तरुण प्राध्यापकाने विचारलेला प्रश्न आता न्यायालय स्वतःच गावांना विचारत होते.

निकाल लागला तरी घरे उभी राहिली नाहीत. गावाने तीन कोपऱ्यांतल्या निरुपयोगी जमिनी दाखवून वेळ काढला. १९८३ साली सरन्यायाधीश रॉबर्ट विलेन्झ यांच्या न्यायालयाने दुसरा, अधिक कडक निकाल दिला. या प्रकारचे सगळे खटले तीनच ठरावीक न्यायाधीशांकडे सोपवले. प्रत्येक गावाचा वाटा आकड्यात ठरवला जाऊ लागला. गाव टाळाटाळ करत असेल तर विकासकाला थेट न्यायालयातून जास्त बांधकामाची परवानगी मिळण्याची सोय केली. मात्र साधारण पाचवा हिस्सा घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना द्यायची. नियम, आकडा, मुदत आणि न पाळल्यास परिणाम, असे चारही घटक प्रथमच एकत्र आले.

त्याच वर्षी हार यांनाही न्यायालयाच्या कामाचा अनुभव आला. बोस्टन बंदरात सोडल्या जाणाऱ्या मैलापाण्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी त्यांना विशेष अधिकारी नेमले आणि त्यांच्या अहवालातून पुढे स्वतंत्र पाणी व मलनिस्सारण प्राधिकरण निर्माण झाले. या अनुभवानंतर त्यांनी माउंट लॉरेलच्या त्या तीन न्यायाधीशांच्या कामाचा अभ्यास केला आणि १९९६ साली पुस्तक लिहिले. उपनगरातल्या मतदारांना भिंत हवी असते, म्हणून निवडून आलेले प्रतिनिधी ती पाडणार नाहीत. अशा वेळी न्यायाधीशांनी धाडस दाखवले पाहिजे, ही त्यांची भूमिका. केंद्र सरकारवर भिस्त ठेवून कारकीर्द सुरू करणारा माणूस शेवटी न्यायालयाकडे वळला होता.

विजयाची मर्यादाही पाहू

इथे थांबून प्रामाणिक हिशेब केला पाहिजे. १९८५ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हा विषय एका परिषदेकडे दिला आणि श्रीमंत गावांना पळवाटही दिली : आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरे ते पैसे देऊन दुसऱ्या शहराच्या गळ्यात घालू शकत होते. म्हणजे गरीब पुन्हा होते तिथेच. ही पळवाट बंद व्हायला २००८ साल उजाडले. परिषद काम करेना म्हणून २०१५ साली न्यायालयाने विषय परत आपल्याकडे घेतला. २०२४ चा कायदा हा त्याच रस्त्यावरचा पुढचा टप्पा.

दुसरी मर्यादा आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. माउंट लॉरेलचे तत्त्व उत्पन्नावर उभे आहे, वंशावर नाही. त्यामुळे उपनगरांत हजारो परवडणारी घरे झाली, तरी शहरातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना त्यांतील वाटा अपेक्षेपेक्षा फार कमी मिळाला. जिथे बहिष्कार जन्मावरून होतो, तिथे केवळ आर्थिक निकष लावला तर बहिष्कृत माणूस रांगेत पुन्हा मागे राहतो. आर्थिक निकषाचे गुणगान आपल्याकडे रोज चालते. त्याला उत्तर देताना न्यू जर्सीचा हा अनुभव हाताशी ठेवावा.

आणि एथेल लॉरेन्स? त्यांचे निधन १९९४ साली झाले. त्यांच्या नावाची वसाहत २००० साली उभी राहिली. पहिल्या निकालानंतर पंचवीस वर्षांनी. गावकऱ्यांना भीती होती की गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर वाढेल. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. यांपैकी काहीही घडले नव्हते. राहायला आलेल्या कुटुंबांचे जीवनमान मात्र सुधारले होते.

आपल्या शहरांतला हिशेब

आपल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणे हा गुन्हा मानतो. तरीही भिंत आहे, कारण तिने इथेही रूप बदलले आहे. "फक्त शाकाहारी कुटुंबाला" ही अट वाचायला निरुपद्रवी वाटते, ७६८ चौरस फुटांसारखीच. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची संस्थेची उपविधी वैध ठरवली. प्रश्न त्या एका समाजाचा नाही. संस्था स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याच्या आड सहकारी गृहनिर्माण संस्थांना कोणाला आत घ्यायचे हे ठरवू दिले, तर बहुसंख्य आणि वरच्या जातींच्या संस्था त्याचा वापर कसा करतील, हा प्रश्न आहे.

डॉ. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली. सारख्याच पात्रतेच्या, पण वेगवेगळ्या आडनावांच्या व्यक्तींनी घरमालकांशी संपर्क साधला. दलितांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना थेट नकार किंवा जाचक अटी मिळाल्या. मुस्लिमांचे प्रमाण त्याहून जास्त होते. अमेरिकेत अशाच पारख करणाऱ्या जोड्या पाठवून पुरावा गोळा करतात आणि १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा परीक्षकांचा दावा लावण्याचा हक्कही मान्य केला.

म्हणजे आपल्यापुढे काम स्पष्ट आहे. पहिले, भाड्याच्या नकाराची नोंद ठेवा. तारीख, वेळ, संदेश, जाहिरातीचा फोटो. एकट्याची तक्रार विरते, शंभर नोंदी पुरावा होतात. विद्यार्थी संघटनांना हे काम एका शैक्षणिक वर्षात करता येईल.

दुसरे, विकास आराखडा वाचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा, म्हणजे मॉडेल सिटीजच्याच वर्षाचा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कोणत्याही नागरिकाला हरकती-सूचना देता येतात. वस्तीतल्या शाळेचे, दवाखान्याचे, बागेचे आरक्षण कुठे आहे आणि जागा ताब्यात घेतली का, हे विचारा. ठरावीक मुदतीत जागा संपादित झाली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर कलम १२७ खाली आरक्षण रद्द होऊ शकते. ते रद्द होते तेव्हा वस्तीला बहुधा कळतही नाही.

तिसरे, २० टक्क्यांच्या घरांवर नजर ठेवा. माउंट लॉरेलच्या पाचव्या हिश्शासारखाच नियम महाराष्ट्रात आहे. मोठ्या महापालिका क्षेत्रांत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची असतात आणि ती म्हाडाच्या सोडतीतून दिली जातात. सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के आरक्षण आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांचाही त्यावर हक्क आहे. आपल्या शहरातले किती प्रकल्प या अटीत येतात, किती विकासकांनी घरे खरोखर दिली, भूखंडाचे तुकडे पाडून अट चुकवली गेली का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. न्यू जर्सीत आकडा मागणारे लोक होते म्हणून आकडा मिळाला.

चौथे, आपली मुले नगररचनेच्या शिक्षणाकडे वळवा. आपल्या समाजाने वकील, प्राध्यापक, अधिकारी घडवले. नगररचनाकार मात्र फार थोडे. शहराच्या नकाशावर आपल्या वस्तीचा रंग कोण ठरवते, त्या टेबलावर आपला माणूस असला पाहिजे.

बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले. ती चाळ प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा न्यासाने, म्हणजे त्या काळच्या नगररचना यंत्रणेने बांधली होती. कामगाराला किती जागा पुरे, हे तेव्हाही कोणीतरी टेबलावर बसून ठरवले होते. आजही ते ठरतेच आहे. तुमच्या शहराचा प्रारूप आराखडा पुढच्या वेळी प्रसिद्ध होईल तेव्हा हरकतींच्या नोंदवहीत तुमच्या वस्तीचे नाव असेल का, हे आतापासून ठरवायचे आहे.